समुद्रावर जायचे, पण केव्हा?



"ताई, पोरं समुद्र समुद्र करतात. वर्षातून एकदाच जमणार आहे. मग नेमके कधी जावे?" हा प्रश्न या सदराकडे फिरून फिरून येतो. विचारणाऱ्या बहुतेक भगिनी स्वतः कामाला जाणाऱ्या. कुणी सफाई खात्यात, कुणी चार घरची धुणीभांडी करणारी, कुणी कंत्राटावर पॅकिंगला. त्यांच्या घरात दोन दिवसांची सहल म्हणजे दोन दिवसांचा खाडा, आणि खाडा म्हणजे रोज बुडाला. पैसे साठवून एकदाच जायचे आणि नेमके उकाड्यात, गर्दीत नाहीतर खवळलेल्या पाण्यापुढे जाऊन बसायचे, हे आपल्याला परवडणारे नाही. ज्यांना दर महिन्याला जाता येते त्यांनी तारीख चुकवली तरी बिघडत नाही. आपले तसे नाही.

दुसरेही एक आहे. आपल्या घरांत सुट्टी म्हणजे गाव, लग्न नाहीतर जयंती. गावाला गेलेली बाई पुन्हा चुलीपुढेच बसते. तिला दोन दिवस कुणी चहा हातात आणून द्यावा, एवढ्यासाठी तरी समुद्रावर जावे असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामुळे स्टोव्ह, तांदूळ, डाळ बांधून नेण्याचा विचार असेल तर तो आताच सोडून द्या. खानावळीचे दोन वेळचे जेवण बजेटात बसत नसेल तर एक दिवस कमी राहा.

आता महिन्यांकडे वळू. आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यापुरतेच बोलते, कारण केळवे, अलिबाग, श्रीवर्धन, दापोली, मालवण हीच आपल्या खिशाला झेपणारी ठिकाणे.

जून ते सप्टेंबर हे महिने सरळ खोडून टाका. मोसमी पाऊस कोकणात जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पोचतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघारी फिरतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच पावसाळ्यात थांबतात, जंजिरा किल्ल्याच्या होड्या थांबतात, सिंधुदुर्गाच्याही थांबतात. ज्यांचा जन्म पाण्यावर गेला ते कोळी बांधव या दिवसांत होडी वर ओढून ठेवतात, आणि शहरातून गेलेला एखादा तरुण मात्र शर्ट काढून लाटेवर धावतो! खोल्या स्वस्त मिळतात म्हणून पावसाळ्यात जाण्याची एक नवी पद्धत पडली आहे. तरुण मंडळी हिरवे डोंगर नि धबधबे पाहायला जातात, त्यांनी जावे. पण लहान मुले बरोबर असतील तर पावसाळ्यात समुद्र फक्त लांबून पाहायचा. मुंबईकरांना त्यासाठी मरीन ड्राइव्ह आहेच, तेही कठड्याच्या अलीकडून. कपडे वाळत नाहीत, पोर शिंकायला लागते आणि दोन दिवस खोलीत पत्ते खेळून परत यावे लागते, हे वेगळेच.

गणपतीच्या दिवसांत कोकणात जाणारी एसटी आणि रेल्वे चाकरमान्यांनी भरलेली असते. त्यात सहलीचे कुटुंब घुसवू नये. ऑक्टोबरचा पाऊस गेला की आठ-पंधरा दिवस असा उकाडा पडतो की मे महिना बरा म्हणावा.

मे महिन्याचे मात्र थोडे सविस्तर बोलावे लागेल, कारण मुलांना सुट्टी तेव्हाच असते आणि बहुतेकांचा बेत तेव्हाचाच असतो. हवेचा पारा किनाऱ्यावर फार चढत नाही, नागपूर-चंद्रपूरच्या उन्हापुढे तो काहीच नव्हे. पण हवेत दमटपणा इतका की अंगातला घाम सुकतच नाही. विदर्भातून येणाऱ्या पाहुण्यांना तेहेतीस-चौतीस अंशांत जीव घाबरा होतो तो यामुळे. सकाळी दहानंतर वाळू तापते, लहान मुलांचे तळवे भाजतात, अंगावर घामोळे येते. मे महिन्यातच जायचे असेल तर सकाळी साडेसहा ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतर, एवढाच वेळ किनाऱ्यावर. मधला वेळ सावलीत, कोकमाचे सरबत, लिंबूपाणी, आणि झोप. आंबा, फणस, करवंदे, जांभळे मात्र तेव्हाच भरपूर असतात, हे मे महिन्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे.

पण मे महिन्यातही पहिला पंधरवडा वेगळा आणि दुसरा वेगळा. मे संपत आला की अरबी समुद्र फुगू लागतो. पाऊस अजून आलेला नसतो, आकाश निरभ्र असते, आणि लांबवरच्या वाऱ्याने उठलेल्या मोठ्या लाटा किनाऱ्याला येऊन धडकत असतात. वादळेही याच सुमारास येतात. १६-१७ मे २०२१ ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेले. त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० ला, निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागात येऊन आदळले आणि नारळी-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. म्हणून मे महिन्याचा बेत असेल तर तो १५ तारखेच्या आत उरकावा. निघण्याच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा अंदाज ऐकावा. उंच लाटांचा इशारा हैदराबादची इन्कॉईस ही सरकारी संस्था देते आणि तो बातम्यांत येतो. इशारा असेल तर आगाऊ दिलेले पैसे बुडाले तरी चालतील.

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत हवा सर्वांत उत्तम. पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटते, दुपारचे ऊन सोसवते, पाणी थोडे गार पण शांत, मासळी भरपूर. या चार महिन्यांतही दोन काळ टाळावेत. एक, दिवाळीचे पहिले चार-पाच दिवस. दुसरा, नाताळ ते १ जानेवारी. या आठवड्यात खोल्यांचे भाव दीडपट-दुप्पट होतात, अलिबाग-काशीदच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागतात आणि ३१ डिसेंबरच्या रात्री किनाऱ्यावर दारूच्या बाटल्यांचा खच पडतो. आपल्या लेकीबाळींना घेऊन त्या गर्दीत जाण्यासारखे काही नाही. तसेही २५ डिसेंबरला आपली पुष्कळ माणसे महाडला आणि १ जानेवारीला भीमा कोरेगावला असतात.

मग मुलांच्या शाळेचे काय? माझी पसंती दिवाळीच्या सुट्टीचे शेवटचे चार दिवस. भाऊबीज झालेली असते, गर्दी ओसरलेली असते, पण शाळा अजून उघडलेली नसते. मधल्या वारी गेलात, म्हणजे सोमवार ते गुरुवार, तर खोलीवाला स्वतःहून भाव कमी करतो; शनिवारी तोच मालक तोंड वर करून बोलत नाही. ज्यांची रजा आठवड्याच्या मधल्या वारी येते, म्हणजे रुग्णालयात, बेस्टमध्ये, सुरक्षारक्षकाच्या कामावर असणाऱ्यांना, एरवी त्या रजेचा राग येतो. सहलीसाठी तीच रजा सोन्याची ठरते.

विदर्भ-मराठवाड्यातून ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न निराळा आहे. त्यांतल्या कितीतरी आयाबाया आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहतात तो दादरलाच. अभिवादनाचा दिवस हा सहलीचा दिवस नव्हे, हे सर्वांना माहीत आहे. पण एवढा लांबचा प्रवास करून आल्यावर मुलांना ७ तारखेला एखादा किनारा नीट दाखवून मग परतीची गाडी धरली तर त्यात गैर काही नाही. डिसेंबरचा पहिला आठवडा हवेच्या दृष्टीने वर्षातल्या चांगल्या आठवड्यांपैकी एक. अपवादही घडतो: २०१७ साली ओखी वादळ नेमके ४-५ डिसेंबरला आले, शिवाजी पार्कवर पाणी नि चिखल झाला आणि आलेल्या लोकांची सोय पालिकेच्या शाळांतून करावी लागली. दादरच्या पाण्यात मात्र मुलांना उतरवू नका. गर्दीत हात सुटला की शोधायचे कुठे?

महिना ठरला, म्हणजे अर्धे काम झाले. उरलेल्या अर्ध्याकडे आपण लक्षच देत नाही, आणि जीव जातात ते तिथे.

समुद्राला रोज दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती फार मोठी आणि ओहोटीही फार खोल. याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास दोन्हींतला फरक कमी. ती भांगाची भरती. सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन ओढतात तेव्हा उधाण, काटकोनात ओढतात तेव्हा भांग. त्यात दैवाचा काही संबंध नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी तिथीचा हिशेब सांगणार आहे आणि तिथी म्हटले की आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडते. मुहूर्त पाहायचा नाही. चंद्र आकाशात कुठे आहे ते मोजायचे आहे, आणि त्यासाठी भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी पुरते.

कोकणातला जुना हिशेब असा. तिथीच्या आकड्याला तीनने गुणा, चाराने भागा; जो आकडा येईल तितके वाजता भरती पूर्ण होते, सकाळचेही आणि संध्याकाळचेही. शुद्ध असो वा वद्य, हिशेब एकच. अमावास्येला पौर्णिमेप्रमाणे पंधरा धरायचे. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. म्हणजे पहाटे पावणेचारला आणि दुपारी पावणेचारला भरती. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी, सकाळी पावणेदहा नि रात्री पावणेदहा. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. पौर्णिमेला भरती सव्वाअकराला आणि ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. मुंबई-कोकण किनाऱ्यावर हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून गावात पोचल्यावर एखाद्या कोळी बाईला विचारून खात्री करावी. दर दिवशी वेळ सुमारे पाऊण तास पुढे सरकते. सातवी-आठवीतल्या मुलाला हे गणित घालून बघा, सहलीच्या आधी आठ दिवस तो कॅलेंडरापुढून हलणार नाही.

आता याचा उपयोग पाहा. पौर्णिमेचे चांदणे म्हणून पुष्कळ जण नेमके पौर्णिमेला जातात. दुपारी जेवून तीन-साडेतीनला पाण्यात उतरतात. हिशेब केला तर कळेल की तेव्हा ओहोटीचा मधला वेळ असतो, पाणी सर्वांत जोरात मागे चाललेले असते, आणि तेही उधाणाचे. पायाखालची वाळू सरकते ती तेव्हा. पाण्यात जायचे तर भांगाच्या दिवसांत, म्हणजे षष्ठी ते दशमी या तिथींना जावे. चांदणे वाळूवर बसूनही दिसते.

उलट अलिबागचा कुलाबा किल्ला पाहायचा असेल तर भांग उपयोगाचा नाही, पाणी पुरते हटत नाही. तिथे ओहोटीला चालत जाता येते आणि भरती चढू लागली की वाट बंद होते. तृतीया-चतुर्थीला ओहोटी सकाळी सव्वाआठ ते नऊच्या सुमारास येते. पाणी उतरत असतानाच निघावे, आणि ओहोटी पूर्ण होऊन तासाभराच्या आत परत फिरावे. किल्ल्यात रमलेली माणसे मागे अडकून पडल्याचे प्रसंग तिथे होत असतात.

एवढे सगळे पाळले तरी समुद्र आपल्या ताब्यात येत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुड-जंजिऱ्याला पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. महिना फेब्रुवारी, म्हणजे हवेच्या दृष्टीने उत्तम. तिथी वद्य अष्टमीच्या आसपासची, म्हणजे उधाणही नव्हते. कॉलेजात शिकणारी धडधाकट मुले होती ती. हंगाम आणि तिथी यांनी धोका कमी होतो, संपत नाही. म्हणून गुडघ्याच्या वर पाणी नको, हा नियम घरातल्या पोहणाऱ्या माणसालाही लावा. विहिरीत, कालव्यात पोहलेला गडी समुद्रात पोहू शकेलच असे नाही. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे आणि खडकांवर तर मुळीच जाऊ नका. लाटा सगळीकडे फुटताहेत आणि मधला एक पट्टा शांत दिसतो आहे, तर तो पट्टा सुरक्षित समजू नका. बहुधा तिथूनच पाणी आत परतत असते. कुणी ओढले गेलेच तर किनाऱ्याकडे झगडत येण्याऐवजी किनाऱ्याला समांतर, आडवे सरकावे म्हणजे ती ओढ सुटते. वाचवायला दुसऱ्याने उडी मारू नये. दोर, ओढणी, रिकामा बंद डबा, हाताला लागेल ते फेकावे, आणि ११२ ला फोन करावा.

भगिनींनो, साडीचे विसरू नका. पाचवारी भिजली की पायांत गुंडाळते आणि कमरेला दगड बांधल्यासारखी जड होते. समुद्रावर पंजाबी ड्रेस घाला आणि ओढणी वाळूवर काढून ठेवा. सासूबाई काय म्हणतील याची काळजी करू नका, त्यांनाही एक ड्रेस शिवून द्या. घरातल्या कर्त्या पुरुषांना एकच सांगणे: समुद्रावर घेतलेली बाटली ही घरच्या बाटलीपेक्षा जास्त महाग पडते.

पैशांबाबत थोडे. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना राज्याच्या हद्दीत अर्धे तिकीट आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांचेही अर्धे. म्हणजे नवरा, बायको आणि दोन मुले मिळून अडीच तिकिटांत प्रवास होतो, आणि पंचाहत्तरी उलटलेली आजी बरोबर असेल तर तिचे काहीच नाही. वय दाखवणारे ओळखपत्र मात्र जवळ ठेवा. चार किंवा सात दिवसांचा 'आवडेल तेथे प्रवास' पासही असतो, पण अर्ध्या तिकिटाचा हिशेब आधी करून मगच तो घ्या. दोनच ठिकाणी जाणार असाल तर बहुधा साधे तिकीट स्वस्त पडेल. कोकण रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडते, म्हणून दिवाळीनंतरचा बेत गणपतीच्या सुमारासच पक्का करावा लागतो. मुंबईकरांना एका दिवसात जाऊन यायचे तर पश्चिम रेल्वेवरचे केळवे रोड स्टेशन आहे. तिथून केळव्याचा किनारा जवळ, सुरूची झाडे, सावली, मुक्कामाचा खर्च नाही.

दहावी-बारावीचे मूल घरात असेल तर जानेवारीनंतर कुठेच निघता येत नाही, हे उघड आहे. बाकीच्यांसाठी आणखी एक तारीख सुचवते. २० मार्चला चवदार तळ्यावर अभिवादनाला जाणारी कुटुंबे बहुधा त्याच दिवशी परत फिरतात. दोन दिवसांची रजा जोडता आली तर महाडहून पुढे मंडणगड तालुक्यात जावे. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच तालुक्यातले, आणि वेळासचा किनाराही याच तालुक्यातला. तिकडून दापोली जवळ, जिथे बाबासाहेबांच्या लहानपणीचे काही दिवस गेले. मार्चमध्ये दुपारचे ऊन वाढलेले असते पण सकाळ-संध्याकाळ सुखाची असते, नाताळची गर्दी नसते, भाव उतरलेले असतात.

वेळासला या दिवसांत एक गोष्ट पाहायला मिळते जी पैसे टाकून मुंबईत मिळणार नाही. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे थंडीत या वाळूत अंडी घालतात, एका खड्ड्यात शंभराच्या आसपास. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात. पूर्वी ही अंडी खणून नेली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने आणि गावकऱ्यांनी २००२ पासून ती राखायला सुरुवात केली. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल या काळात तळहाताएवढीही नसलेली पिल्ले सकाळी आणि संध्याकाळी पाण्याकडे सोडली जातात. पर्यटकांना दोरीच्या बाहेर उभे राहावे लागते, पिल्लांना हात लावता येत नाही, आणि फ्लॅशने फोटो काढू नयेत. राहायची सोय गावातल्या घरांतूनच होते, जेवणही तिथेच. पिल्ले रोज निघतातच असे नाही, म्हणून निघण्याआधी गावात फोन करून विचारावे आणि एक मुक्काम जादा धरावा. सकाळी सूर्य वर येण्याआधी किनाऱ्यावर हजर राहावे लागते, तेव्हा आदल्या रात्री मुलांना लवकर झोपवा.